सात तुमचे, आठ आमचे

रत्नागिरी,
१२ मार्च १९८९

श्री. विश्रामराव मयेकर यांसी,

दत्ताराम शिवलकर याचा नमस्कार. साखरपुडा झाल्यापासून तुम्हाला व्याही म्हणावं असं फार मनात आहे, पण लग्नाची तारीख ठरल्याशिवाय जीभ रेटत नाही. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा दमा? इकडे आम्ही सगळे धडधाकट. तुमची होणारी सून राही तेवढी माझ्याशी बोलत नाही, आणि त्याला कारण आपल्या कंपनीचा मोडेम.

तुम्ही मुंबई ऑफिसात त्याच्या त्या टोकाला, मी इथे बंदरावर ह्या टोकाला, त्यामुळे तुम्हाला हकिकत अर्धीच ठाऊक. बसवायला आलेला इंजिनिअर मला एकच गोष्ट बजावून गेला होता, की सेटिंग कसलंही ठेवा, पण दोन्हीकडे एकच ठेवा, नाहीतर कोळंबीचं वजन फोनवरून तिकडे पोचायचं नाही. वेग जुळला, पॅरिटी का काय ती जुळली. अडलं ते डेटा बिटवर (म्हणजे एका अक्षराचे तुकडे किती, ते). तुमच्याकडे सात, आमच्याकडे आठ. मी ट्रंक कॉल लावून म्हटलं, आम्ही मुलीकडचे, आम्हीच सात करतो. तुम्ही म्हणालात, छे हो, आमच्यात तसला भेद नाही, आम्ही आठ करतो. तेवढ्यात कॉल तुटला (फोन एकच, त्यावर एकतर माणसानं बोलावं नाहीतर मशीननं). मी मुकाट सात केले. तुम्ही तिकडे आठ केलेत. पडद्यावर नुसत्या किडेमुंग्या. दुसऱ्या दिवशी तुमचा मान राखावा म्हणून मी पुन्हा आठावर आलो, तर तुम्ही माझा मान राखून सातावर गेलेले.

मंगळवारी मी पावसला बारशाला गेलो होतो. त्या दिवशी तुम्ही एकट्यानेच बदल केलात आणि सगळं वजन बिनबोभाट मुंबईत पोचलं. मॅनेजरनी पेढे वाटले. मला कोणी सांगितलं नाही. बुधवारी येऊन, आता आपली पाळी, असं समजून मी सेटिंग बदललं. मॅनेजर म्हणाले, शिवलकर, कोळंबी नासेल, पण तुमची रीतभात नासायची नाही. मला वाईट वाटलं.

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, तारखेचंही तुम्ही हेच करताय. आणि खरंच आहे. मी वैशाख सुचवला, तर तुम्ही लिहिलंत की आमची गैरसोय होत असेल तर ज्येष्ठ धरू. मी ज्येष्ठाला हो कळवलं, तोवर तुमचं वैशाखाला हो आलं. दिवाळीपासून हेच चाललंय. राहीचं तोंड बघवत नाही हो. बायको म्हणते, दोघांतला एक वायच गप बसला तर काय जीव जातोय?

घरच्या सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. हवापाण्याचं लिहायचं राहिलं, पण ते तुमच्याकडच्याइतकंच दमट आहे.

आपला,
दत्ताराम शिवलकर

ता. क. : खरं मागणं हे, की तुम्ही मुलाकडच्यांसारखे वागा. अडून बसा. तारीख तुम्ही सांगा आणि मी कितीही गयावया केली तरी हलू नका. सात-आठांचंही तेच.

ता. क. दुसरा : अडून बसणं तुम्हाला जड जात असेल तर संकोच करू नका, मी अडून बसेन. तुम्ही म्हणाल तसं.

ता. क. तिसरा : बाबांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून मी राही लिहिते आहे. काका, साष्टांग नमस्कार. तुमच्या मुलाशी माझं पत्राने ठरलं आहे. चौदा मे, रविवार. हॉल मी सांगून ठेवला आहे, कपड्यांचं ते बघताहेत. आता दोन्हीकडे कोणी काहीही बदलायचं नाही. माझं नावसुद्धा.