एकाच घराण्यातली औषधं

४ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

आमची खुशाली विचारलीस. ती सध्या उंदरांच्या हातात आहे. मागचं धान्याचं गोदाम पाडलं आणि तिथली सगळी वस्ती आपल्या शिवणाच्या खोलीत बिऱ्हाड करून राहिली. कातरणाच्या पोत्यात त्यांनी पिल्लं घातली आहेत. परवा एका गिऱ्हाइकाच्या नव्या कोटाची बाही खांद्यापासून कुरतडलेली निघाली. कापड जुळवून आणून मी दुसरी बाही लावून दिली, पण त्या बाईंनी कोट वास घेऊन बघितला तेव्हा मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

पिंजरा लावून झाला. पहिल्या दिवशी एक भोळा सापडला, बाकीच्यांनी त्याच्यावरून कानाला खडा लावला. हार्डवेअरवाला कागदात बांधून सुटं औषध देतो म्हणाला, पण माझा हात पुढे होईना. शेजारचं बाळ रांगत रांगत थेट मशीनच्या पायडलपर्यंत येतं आणि दिसेल ते तोंडात घालतं. तू दिवसभर औषधांत बसतोस, तेव्हा काय आणू आणि कसं ठेवू ते नीट लिही.

बाबा बरे आहेत. हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर धाप लागत नाही. हात कापतो म्हणून कात्री मी धरते, पण खडूची रेघ अजून तेच मारतात आणि माझी चूक काढल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. संध्याकाळी मी गोळी तळहातावर ठेवली की उंदरांचा उद्धार करत घेतात. तुझी वाट बघतात हे ते लिहू देणार नाहीत, म्हणून मीच लिहिते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई


१० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आणण्याआधी विचारलंस हे नवलच. आपल्याकडे आधी करतात आणि मग विचारतात. सुटं औषध अजिबात आणू नकोस. मेणाच्या निळ्या वड्या मिळतात त्या आण, आणि त्यासाठीच असलेली, किल्लीने उघडणारी प्लास्टिकची डबी आण. वडी आतल्या तारेत ओवायची, म्हणजे उंदीर ती उचलून भलतीकडे टाकत नाही आणि बाळाचा हात तिथपर्यंत पोचत नाही. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, तेव्हा डबी भिंतीला लागून ठेव, खोलीच्या मधोमध शोभेला ठेवू नकोस. स्वयंपाकघरात मुळीच नको. हातमोजे घाल. आणि ते कातरणाचं पोतं आधी बाहेर काढ, पिल्लांसकट.

लगेच गुण दिसला नाही म्हणून वैतागू नकोस. या औषधाने रक्त गोठायचं थांबतं आणि काही दिवसांनी आतल्या आत रक्त वाहून उंदीर मरतो. खाल्ल्याबरोबर काही होत नाही, म्हणून बाकीच्यांना संशय येत नाही. मेलेला दिसला की पिशवीत हात घालून उचल आणि पुरून टाक, मांजराच्या तोंडी लागू देऊ नकोस.

बाबांना सांग, तुम्ही आणि उंदीर आता एकाच डॉक्टरचे पेशंट झालात. तुमची संध्याकाळची गोळी आणि ही निळी वडी एकाच घराण्यातली. तुम्ही चवीपुरतं घेता, ते पोटभर हाणतात, एवढाच काय तो फरक!

दुकानातला माझा जोडीदार सोडून गेला, त्यामुळे सगळं माझ्या गळ्यात आहे. रजेचं नाव काढलं की मालकांचा चेहरा कडू होतो. जमलं की येतोच.

आहे तो लोभ असू द्यावा.
तुझा बारक्या


२१ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र बाबांनीच फोडलं. पत्र कुणाच्याही नावाने येवो, या घरात ते मोठ्याने वाचलं गेलंच पाहिजे हा त्यांचा कायदा तुला ठाऊक आहेच. चष्मा सापडेना म्हणून मी वाचलं. तुझा विनोद त्यांनी पुन्हा वाचून घेतला. हसले. कुठली गोळी म्हणतो तो, असं विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळची छोटी, रक्त पातळ करायची. बरं म्हणाले आणि कॉलरच्या कागदी कापांत डोकं घातलं.

वड्या लागू पडल्या. रात्रीची खुडबुड बरीच कमी झाली. एक मात्र कपाटामागे जाऊन मेला, त्याच्या वासाने जीव नकोसा झाला. कपाट हलवायला शेजाऱ्यांना बोलवावं लागलं. मला त्या डब्या उघडायची किळस येते हे बघून बाबांनी ते काम आपल्याकडे घेतलं. हातमोजे घालून, किल्ली घेऊन असे निघतात की ऑपरेशनला चाललेत असं वाटावं. काही का असेना, हाताला काम मिळालं.

फक्त महिन्याची रक्ताची तपासणी त्यांनी टाळली. रांगेत पाय दुखतात म्हणाले. पुढच्या महिन्यात ओढून नेईन. चिडचिडही वाढली आहे, पण ती कधी नव्हती म्हणा.

तू तब्येत सांभाळ, उभ्याने जेवू नकोस.
तुझी ताई


२ जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

अक्षर गिचमीड आहे, समजून घे. पत्र ताईला न सांगता लिहितो, कारण ती मध्येच बोलते.

काल दुपारी मोरीत एक उंदीर आला. भर उजेडात, माणूस बसलेला असताना. पाय ओढत होता. नाकाशी रक्ताचा ठिपका होता, टाचणीच्या डोक्याएवढा. मी त्याला मारला नाही आणि हाकललाही नाही, स्टुलावर बसून राहिलो. बराच वेळ लागला त्याला. पोट हलायचं, थांबायचं, परत हलायचं. ताईला विचारलं तर ती म्हणते जनावराला एवढं कळत नाही. तिला काय माहीत? तू औषधातला माणूस आहेस, म्हणून तुला विचारतो. दुखतं का रे त्याला?

आणखी एक. माझ्या दंडावर हल्ली निळे डाग उठतात. मशीनच्या कडेला नुसता घासला तरी दुसऱ्या दिवशी डाग. हे कशाने, ते कळव. मी घाबरलोय असं समजू नकोस. कापड फाटायच्या आधी कुठून विरतंय ते शिंप्याला कळलेलं बरं, एवढंच.

मालकांशी वाद घालू नकोस. यायला जमलं नाही तरी राग नाही. लोभ ठेव.
बाबा


११ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं स्वतःच्या हातचं पत्र आलं आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या वाचलं. गिऱ्हाईक खोळंबलं, पण म्हटलं आमच्या तीर्थरूपांचा हुकूम आहे.

डागांची चिंता करू नका. ते त्या गोळीनेच येतात, सगळ्यांनाच येतात. आणि उंदराला दुखतं का म्हणाल, तर अजून एकही सांगायला आमच्या दुकानात आलेला नाही! कापडं खाताना त्यांनी कुठे विचार केला? तुम्ही मोरीत बसून शोक करत राहू नका, ताई कामं टाकून तुमचीच समजूत काढत बसेल.

सध्या मालाची मोजणी चालू आहे, म्हणून इतकंच. पुढच्या महिन्यात नक्की येतो.

आशीर्वाद असावा.
तुमचा बारक्या


६ ऑगस्ट

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

फोनवर सांगितलं तेवढं तुला कळलंच आहे. रक्ताची गुठळी झडपेवर धरली आणि तिथून डोक्यात गेली. उजवा हात उचलत नाही, वाचा गेली आहे. पण बाबांना सगळं समजतं. परिचारिकेने गाऊनचं बटण उलटं लावलं तर डाव्या हाताने दाखवून दिलं.

फोनवर जे बोलवलं नाही ते आता लिहिते. डॉक्टर मला सारखं विचारत होते की गोळी चुकली का. मी शपथेवर सांगितलं, रोज देत होते. मग मी त्यांचे कपडे आणायला घरी गेले. इतक्या दिवसांत डब्यांकडे कुणी बघितलं नव्हतं म्हणून कापायच्या टेबलाखालची डबी उघडली. तारेतली वडी कुरतडलेली होती. आणि तळाशी बाबांच्या गोळ्या पडल्या होत्या. पुष्कळ. उंदरांनी त्यांना तोंडही लावलं नव्हतं.

मी रोज गोळी तळहातावर ठेवायची आणि वळून कुकर बघायला जायची. ते मूठ मिटत असणार. हळूहळू मारायचं औषध आपल्याला देतात असं वाटत असताना ते माझ्याशी काजाच्या मापावरून भांडत होते, रे. मला एका शब्दाने विचारलं नाही. त्यांना वाटलं असेल का की मला हे माहीत आहे?

तुझ्यावर इतकी रागावले की तू समोर असतास तर काय बोलले असते कोण जाणे. मग स्वतःवर रागावले, कारण तो विनोद मीच मोठ्याने वाचला आणि हसलेही. हे तुला कळवू नये असं वाटत होतं. पण लपवून चालणार नाही. आता सुया देतायत, पण पुढे गोळीच घ्यावी लागणार, जन्मभर. आणि बाबा दात घट्ट आवळून धरतात. मी समजावते, डॉक्टर समजावतात, बाबा मान भिंतीकडे फिरवतात. तुझा फोन कानाला लावला तर हाताने ढकलला, तुला माहीत आहे त्यांना त्यात धड ऐकू येत नाही. ते पत्रावर विश्वास ठेवतात. त्यातून तुझ्या. तू ये, पण येईपर्यंत आधी लिही. त्यात गंमत अजिबात करू नकोस.

तुझी ताई


८ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

ताई हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल. तिला मध्ये बोलू देऊ नका.

बाबा, मी ते गमतीने लिहिलं होतं. वडी आणि गोळी एका घराण्यातल्या आहेत हे खरं, पण उंदराच्या अंगाला झेपणार नाही इतकं ते औषध त्या वडीत असतं. तुमची गोळी तुमचं रक्त तपासून, मापाने ठरवलेली. तुम्ही माणसाच्या अंगाचं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाहीत, तसंच हे. तुमच्या झडपेवर रक्त धरू नये म्हणून ती गोळी आहे. ती तुम्हाला मारत नव्हती, तीच तुम्हाला जगवत होती.

डागांचं तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्ही खरं काय विचारत होतात ते मला कळायला हवं होतं. रोज मी अनोळखी लोकांना गोळी कधी घ्यायची, कशी घ्यायची ते शांतपणे समजावतो, आणि माझ्या बापाला मी दोन ओळींत उडवून लावलं. माझं चुकलं. मालकांना सांगून टाकलंय, दुकान बंद ठेवा नाहीतर मला काढून टाका. शनिवारी निघतो.

ताईच्या हातून गोळी घ्या. तुमच्या पाया पडून सांगतो, घ्या.

तुमचा बारक्या


११ ऑगस्ट

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

शनिवारी निघायच्या आधी हे तुझ्या हातात पडेल अशा बेताने पाठवते, म्हणजे इथे आल्यावर एकदम धक्का बसणार नाही.

तुझं पत्र काल आलं. खाटेच्या कडेला बसून मी सावकाश वाचलं. बाबांनी डोळे मिटले होते, मला वाटलं झोपले. संपल्यावर त्यांनी डाव्या हाताने कागद मागितला, उशीखाली सरकवला आणि तोंड उघडलं. आपणहून, बारक्या. संध्याकाळची गोळीची वेळ होती.

माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. परवा डोकं पुन्हा तपासलं, तेव्हा ज्या जागी गुठळी अडकली होती तिथे रक्त उतरलेलं दिसलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली, सुयाही बंद केल्या. दिली तर डोक्यात रक्त वाढेल, न दिली तर झडपेवर पुन्हा गुठळी धरेल. कशाचाच भरवसा देत नाहीत. आपण दोघं बाहेर बोलू म्हणाले, आणि बाहेर आल्यावर मला आधी बसायला सांगितलं, त्यावरून मी समजले.

हे बाबांना कसं सांगू? त्यांनी आत्ता कुठे विश्वास ठेवला. तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिले, जिभेचं टोकही बाहेर काढलं, मला दिसावं म्हणून. मी चहाबरोबर आलेल्या पुडीतली साखर चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली. गोड लागली असणार, आणि गोळी गोड नसते हे त्यांना कळतं. पण त्यांनी ती गिळली, आणि गिळली हे दाखवायला पुन्हा तोंड उघडलं.

आजही तेच झालं. तू पोचलास की संध्याकाळी त्यांच्याजवळ तू बस. मला आता जमत नाही.

लवकर ये.
तुझी ताई