निर्माल्यातली वांगी

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

मस्तगड, जालना

चि. रामप्रसाद यास ताईचे पोटभर आशीर्वाद. माझा गुडघा सोडून इकडे सगळं क्षेम आहे. वाटूरला तुझं नि मीनाचं कसं चाललंय ते कळव. तू अजूनही देवाला हात जोडत नाहीस असं मीना म्हणाली. ज्या घरात आईने सोळा सोमवार केले त्या घरातला तू... असो. (हे फोनवरच बोलले असते, पण शेजारच्या गिरिजाबाईंचे कान भिंतीला असतात. म्हणून तिकडे निघालेल्या पुंजारामच्या हाती पत्र.)

संक्रांतीला तू सांगून गेलास की परसातल्या वांग्यांच्या बुडाशी पालापाचोळा अंथर, ओल टिकते. पटलं. आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी, तेही उपकार केल्यासारखं. तू सोयाबीनचं भुसकट पाठवत होतास, पण पोत्याचं वेगळं भाडं पडतं म्हणून मीच नको म्हटलं. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मंदिरामागं बेलाचा आणि झेंडूचा हा ढीग! पुजारी तातेराव म्हणाले, खुशाल न्या. चार घमेली आणली. फुकट ते फुकट, वर पवित्र.

तुझं म्हणणं खरं निघालं बघ. माती लोण्यासारखी झाली, पाणी निम्म्यावर आलं, वांगी लगडली. त्या भरात मी मंदिरात सगळ्यांसमोर बोलून बसले, की रविवारच्या भंडाऱ्याला वांगी माझ्याकडची! दुसऱ्या दिवशी वाफ्यात उतरले, तर गिरिजाबाई कुंपणावरून ओरडल्या, "अवो ताई, शिवाचं निर्माल्य ओलांडत न्हाईत, अन् तुम्ही त्यात पाय देऊन राह्यल्या!" मी एक पाय वर घेतला, आणि दुसरा कुठं ठेवावा ते सुचेना. गुडघा का दुखतो ते मला तिथंच उमगलं.

उचलून टाकावं, तर ते मातीत मिसळून गेलेलं. बेल कुठला नि माती कुठली, हे आता महादेवालाच ठाऊक. शेवग्याच्या शेंगा काढायच्या आकडीने वाफ्याबाहेरूनच एक वांगं ओढलं, तर अख्खं झाडच हातात आलं. ह्यांना सांगितलं, तर म्हणतात, "तीस वर्षं मला सोवळं-ओवळं शिकवलंस. मंग आता मी न्हाई पाप करत बुवा." आणि पेपरामागं हसत बसले. समोरच्या कांताबाईंनी काल वाफ्याच्या कडेला उदबत्ती लावली. कडेची दोन झाडं हाताला येतात, मधली बावीस नुसती दर्शनाला.

तेव्हा बाबा, माझ्याकडे बघून तरी सन्मार्गाला लाग.

तुझी,
ताई

ता. क. शनिवारी सकाळच्या गाडीने ये. वांगी तोडायची आहेत. जो मानतच नाही त्याला दोष लागतो का, हे तातेरावांना विचारून घेतलंय. (म्हणाले, त्याचं महादेव बघून घेईल. म्हणजे चालतं.)

ता. क. येताना भुसकटाचं पोतं आण. भाडं मी देते.

ता. क. सन्मार्गाचं वर लिहिलंय ते सोमवारपासून. तोवर आहेस तसाच राहा.