डोळ्यात गेलेलं माप

३ डिसेंबर, बुधवार
— अन् वरून दवाखानेवाले म्हणते, पूर्ण झालं! कागदावर चार बैठका लिहिल्या. चारही पूर्ण. मी पाच वेळा बसली त्या खुर्चीत! तिसऱ्या दिवशी मशीन मधातच बंद झाली. मले उतरवलं, पाणी पाजलं, पुन्हा बसवलं. मग आधी डोळ्यात जो किरण गेला तो कुठी लिहिला? डॉक्टरले विचारलं तर म्हणे, मावशी, सब ठीक है, घर जाओ. घरी, चामोर्शीले येऊन पंधरा दिवस झाले. डोक्यातून जात नाई.

धान मोजताना कोणाचा धक्का लागला तर आमी ते माप परत ढिगात ओततो. पुन्हा भरतो. डोळ्यातलं ओतून घेता येते का?

५ डिसेंबर, शुक्रवार
डाव्या डोळ्याच्या आत काळी गाठ. कॅन्सर. नागपूरवाले म्हणे, डोळाच काढा. मी नाई म्हटलं. मग मुंबईकडं प्रोटॉनच्या मशीनवर पाठवलं. बारीक किरण, गाठीपर्यंत जाते अन् तिथंच थांबते. कमी पडला तर गाठ राह्यते. मागच्या नसेले लागला तर नजर जाते. म्हणजे सगळा खेळ मापाचा. अन् मापाचंच कोणी सांगत नाई!

दीर भैयाजी आज म्हणे, वहिनी, काढून टाकला असता तर बरं होतं, एका डोळ्यानं काय कमी दिसते? म्हटलं, तुमच्याकडं पाहाले एकही जास्तच आहे.

६ डिसेंबर
दवाखान्यात फोन लावला. सात वेळा. गाणं ऐकवते.

९ डिसेंबर, मंगळवार
मुलचेऱ्याले जाऊन आली. तिथली बंगाली पोरगी रीता मुंबईच्या त्याच दवाखान्यात किरण मोजाचं काम करते, तिथंच ओळख झाली. सुट्टीवर घरी आली होती. मासे साफ करत बसली होती, मले पाहून हातच थांबला तिचा.

चहा दिला अन् नीट सांगितलं. कोणाले खुर्चीत बसवाच्या आधी ती किरण पाण्याच्या टाकीत सोडून मोजते. पाण्यात काऊन, तर डोळा म्हणजे पाणीच. "तुमच्या आधी पाण्यानं मार खाल्ला, मावशी." हसली. मीही हसली.

मशीनीच्या तोंडाशीही मोजणारं यंत्र आहे म्हणे. किरण थांबला की आकडा तिथंच थांबते. उरलेलं तिथूनच देते. म्हणजे पाचवी बैठक नोहे ती, तिसरीचाच उरलेला भाग. पटलं मले.

मग विचारलं, बंद काऊन झाली? म्हणे, त्या दिवशी ती कामावर नव्हती. वहीत कारणाची जागा कोरी आहे. बहुतेक वेळा पेशंटची नजर हलली की मशीन चालवणारा बंद करते. तेवढ्या क्षणात गेलेलं गाठीत गेलं का नसेत, ते वेगळं काढावं लागते. डोळ्यावर कॅमेरा असते, त्यातलं चित्र ठेवलेलं आहे. साहेब कारण असल्याशिवाय उघडू देत नाई.

"खरं सांगा मावशी, तुमी हलल्या का?"

राग आला. बावीस वर्षं गावाचं धान मोजते मी. माझी नजर हलत नाई! चहा अर्धाच ठेवून उठली.

१४ डिसेंबर, रविवार
खळ्यावर मोजणी. पोरगी रंजीता पोतं धरून. मी कुडोच्या मापानं धान टाकून राह्यली — लाभ, दोन, तीन... एकाले लाभच म्हणाचं, तशीच रीत. वीस कुडो झाले की खंडी. खंडी झाली की डावीकडं मूठभर धान खूण म्हणून ठेवाचं.

वीस म्हटलं. नजर आपोआप डावीकडं गेली. अन् माझा हात तसाच राह्यला.

खुर्चीत त्या नर्सबाई म्हणे, लाल दिव्याकडं पाहा, भेव वाटलं तर मनात काही मोजा. मी मोजलं. लाभपासून मोजलं. वीस म्हटलं अन् मशीन बंद झाली.

रंजीता विचारते, आई, काय झालं? पुढची मोजणी तिलेच कराले लावली.

१५ डिसेंबर
रंजीताले सांगितलं. ती म्हणे, गप राह्य आई, चूक आपलीच निघाली, आता कोणत्या तोंडानं विचारशील?

याच तोंडानं. चूक माझी, तर डोळाही माझाच आहे.

१७ डिसेंबर, बुधवार
रजिस्टर पत्र टाकलं. रीताले फोनही केला. पत्रात लिहिलं — नजर मीच हलवली, मनात वीस मोजताना, डावीकडं. खाली माझी सही आहे. कारणाची कोरी जागा आता भरा. चित्र उघडा. किती गाठीत गेलं अन् किती नसेत, ते आकड्यात लिहून पाठवा. सोमवार, २९ डिसेंबरपर्यंत. नाई तर मंगळवारी मी तुमच्या दारात बसते.