वास्तूला इंग्रजी येतं

६ डिसेंबर १९४७

आज ऐन दिवेलागणीला माझ्या घरात ‘नाश होणे’ म्हटलं गेलं! एकदा नव्हे — ओरडून ओरडून! सून तुळशीपाशी दिवा घेऊन उभी, आणि ओसरीवर आमचा नातू नागनाथ डोलत डोलत — “पेरिश म्हणजे नाश होणे, पेरिश म्हणजे नाश होणे!” देवघरातून धावत आलो आणि त्याचं तोंड दाबलं.

म्हणे नवे इंग्रजीचे मास्तर, नरसय्या, यांनी शब्द नेमून दिलेत. मॅट्रिकला साधं इंग्रजी चालत नाही, भारी शब्द लागतात. लागू देत! पण भारी म्हणजे मरणाचेच?

तिन्हीसांजेला घरात जे बोलाल त्याला वास्तू ‘तथास्तु’ म्हणते. आमच्याकडं लेकरालाही ठाऊक आहे हे. दिव्याला आम्ही ‘विझव’ म्हणत नाही. घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आणि आता तर राधाकृष्ण बाहेर! माझा एकुलता एक मुलगा, नागूचा बाप. पैनगंगेपलीकडं आहे, निजामाशी भांडणाऱ्या पोरांच्या कँपात. गावात सांगतो, नांदेडला कापडाच्या दुकानात कारकून आहे. भीतीनं अन्न गोड लागत नाही.

अशा वेळी घरात नाश!

७ डिसेंबर

नागू म्हणतो, “आबा, वास्तूला इंग्रजी कुठं येतंय?”

“अर्थ मराठीत ओरडतोस ना, गाढवा?”

“मग नुसतं इंग्रजी म्हणू?”

तेही नको म्हणालो. ही वास्तू माझ्या पणजोबापासून उभी आहे. मराठी, उर्दू, तेलंगी, सगळं ऐकत आली. तिला इंग्रजी काहून येणार नाही?

९ डिसेंबर

मास्तर दारात आला! या माणसाची तऱ्हाच निराळी. संध्याकाळी काठी घेऊन गल्लीगल्लीतून फिरतो, आणि प्रत्येक पोराच्या खिडकीखाली कान देऊन उभा राहतो. पाठ करण्याचा आवाज आला तर पुढं जातो. आमच्याकडं शांतता. बाहेरून हाक — “नागनाथ! आवाज न्हाई येऊन राहिला!”

मीच बाहेर गेलो. “मास्तर, दुसरे शब्द न्हाईत का तुमच्या इंग्रजीत? भरभराट, लग्न, सोनं?”

“पंतजी, पेपर काढणारा साहेब आपल्या वास्तूला विचारून काढत नाही.”

“आमची वास्तू ऐकते, मास्तर.”

“इंग्रजी समझती है? मग तिलाच बसवा की परीक्षेला! एक तरी नक्की पास!”

सगळी गल्ली हसली. समोरची नर्मदाबाई तर पदर तोंडात कोंबून! मॅट्रिक झालेल्यांना वाटतं, देव काय ते अडाण्यांसाठीच. मी मराठी तिसरीतून उठलो, वडिलांनी मारुतीच्या पूजेला बसवलं, खरं आहे. म्हणून माझ्याच घरात माझं चालू नये?

१० डिसेंबर

तोडगा काढला. शब्द आले की नागूनं आधी मला अर्थ सांगायचा. शुभ शब्द घरात, दिवेलागणीला, मास्तराचे कान किटेपर्यंत. अशुभ शब्द कयाधू नदीच्या पात्रात, दिवसाउजेडी, वाळूत उभं राहून. तिथं घर नाही, वास्तू नाही. काय वाहून जायचं ते जाऊ दे.

१४ डिसेंबर

मीही जातो बरोबर. वारा बोचतो, गुडघे धरतात. ‘कॅलॅमिटी’ — संकट. ‘डिसीस्ड’ — मृत. इंग्रजांच्या घरी रोज कुणी ना कुणी मरत असावं, इतके शब्द! म्हणून झालं की चूळ भरायची, पाय धुवायचे, मगच घरी.

कपडे आपटत खेमा परीट ओरडला, “पंत, नातवाला मंतर शिकवून राहिले का? कोणाचं वाईट करायचंय?”

वाईट! मी वाईट टाळायला मरतोय इथं!

१९ डिसेंबर

आजचा शब्द चांगला मिळाला. ‘बिरीव्ह्ड’ — भाग्यवान. नागू म्हणाला फार भारी शब्द आहे, मोठ्या मोठ्या साहेबांना येत नाही. म्हणायला जड, पण तोंडात बसला. दिवेलागणीला नागूबरोबर मीही म्हणालो. देवासमोर, राधाकृष्णाचं नाव मनात घेऊन.

२३ डिसेंबर

फसवलं! माझ्याच रक्तानं फसवलं!

संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणत होतो, “आमी बिरीव्ह्ड, आमी बिरीव्ह्ड.” रोजच म्हणतो. मास्तर ओट्याशी थांबला. आज हसला नाही. “पंतजी, कोणाबद्दल म्हणून राहिलात?”

मी ताठ्यात सांगितलं, “माझ्याबद्दल. सगळ्या घराबद्दल.”

त्यानं टोपी काढून हातात धरली. मग हळू म्हणाला, “कोण गेलं आपलं? बिरीव्ह्ड म्हणजे... ज्याचं जवळचं माणूस मरण पावलं, तो.”

नागू खांबामागं. “नदीवर जायचा कंटाळा आला, आबा. म्हणून सांगितलं.”

कंटाळा! बापाच्या जिवावर पोराचा कंटाळा! हात उचलला होता, सून मधे आली. “मामंजी, लेकरू आहे. मारा तर मला मारा.” तिचे डोळे बघून हात खाली आला.

घरभर गोमूत्र शिंपडलं. मारुतीला तेल घातलं. पण बोललेलं मागं कसं घेणार? त्या पोरानं काय, मीच म्हणत बसलो! माझ्या तोंडानं! जेवलो नाही.

२ जानेवारी १९४८

लिहू नये. लिहून झालं की हे पान चुलीत घालणार.

राधाकृष्ण आला! पहाटे, परसाच्या भिंतीवरून. गालफडं बसलेली, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. एक दिवस विसावा घेऊन परत जाणार. दिवसभर बळदात, ज्वारीच्या पोत्यांमागं झोपला. सूनबाईनं आज कुणाला चुलीपाशीही फिरकू दिलं नाही.

आणि दिवेलागणीला जमादार अमरसिंग दारात. मागं शिपाई.

“विष्णुपंत, राधाकृष्ण कुठं हाय?”

“नांदेडला.”

“नांदेडला न्हाई. आमी विचारून आलो. घर बघू द्या. तकलीफ माफ.”

पाय उंबऱ्यावर टाकला त्यानं. सून दिवा हातात घेऊन तशीच. नागूचा शब्द तोंडातच राहिला. मला बळदाचं दार दिसत होतं. त्याच्याकडं बघायचं नाही, बघायचं नाही, असं मनाशी म्हणत होतो आणि तिकडंच बघत होतो.

मग ओरडलो. गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं. “मेला तो! माझ्या लेखी मेला! बापाला विचारलं न्हाई, गेला तोंड घेऊन! नाव काढू नका त्याचं या दारात!”

“सुनेच्या कपाळाला कुंकू हाय, पंत.”

“तिचं ती जाणे. मी बाप आहे. अंघोळ करतो त्याच्या नावानं. आत्ता, तुमच्यासमोर!”

रांजणातून घागर भरली आणि डोक्यावर ओतली. धोतर, बंडी, टोपी सगळ्यानिशी. माणूस गेल्याची बातमी आली की करतात तशी. “मेला!” पुन्हा भरली. “मेला!” तुळशीपुढं, दिव्यापुढं, ऐन तिन्हीसांजेला. सून मटकन खाली बसली.

अमरसिंगानं पाय मागं घेतला. “बस करा, पंत. थंडीनं मराल. चला रे, सुतकाच्या घरात काय शिरायचं!”

गेले. गल्लीत मास्तर काठी धरून उभा होता. त्यानं सगळं पाहिलं.

३ जानेवारी

पहाटे निघाला. बळदात त्याला शब्दन् शब्द ऐकू गेला होता. पाया पडला. “येतो, बाबा.” मला ‘ये’ एवढंही म्हणता आलं नाही. दात वाजत होते.

१८ जानेवारी

निरोप नाही. बाजारात कुजबुज — पैनगंगेच्या उतारावर गोळ्या झाडल्या. कोण पडलं कुणालाच माहीत नाही. बघायला कुणी गेलं नाही, बोलायला मात्र सगळे! माझा ताप उतरत नाही.

नागू आपण होऊन रोज अशुभ शब्द घेऊन नदीवर जातो. एकटाच. पाय धुऊन घरात येतो.

२० जानेवारी

नागूला विचारलं, “जिवंत राहणे, याला भारी शब्द आहे का रे? खरा सांग.” म्हणाला, आहे. सर्व्हाइव. बापाची शपथ घातली त्याला, मग विश्वास ठेवला.

दिवेलागणीला घोंगडी पांघरून ओसरीवर बसलो आणि मीच ओरडायला लागलो. मास्तर आला, ओट्याशी थांबला. म्हटलं, हसेल आता.

“और जोर से, पंतजी,” म्हणाला. काठी भिंतीला टेकवली, माझ्याशेजारी बसला, आणि तोही म्हणू लागला.