कुंडीत सोडलेली कॉफी

मंगळवार संध्याकाळ, आइंडहोवन

आज कॅन्टीनमध्ये आमच्या टीममधल्या हैतीच्या मारीने पहिल्या घोटाआधी कॉफीचे तीन थेंब कुंडीत सोडले. मला वाटलं, कप कलंडला. म्हणाली, "पूर्वजांसाठी. आजी रोज जमिनीवर सोडायची. मिशनच्या पाद्रींनी बंद करायला लावलं, तर परसात लपून करायची." मारी स्वतः दर रविवारी चर्चला जाते. विचारलं तर हसली, "चर्च आपल्या जागी, हे घरचं."

ते तीन थेंब डोक्यातून जात नाहीत. बाबा जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवून उजवीकडे भाताची चार शितं ठेवायचे. ते गेल्यावर मी एकदाही ठेवली नाहीत. मला तर कुणी मनाईही केली नव्हती.

आत्ता शितं काढून ठेवली. पण बाबा तेव्हा काय पुटपुटायचे, ते मी कधी नीट ऐकलंच नाही.