अर्धी पट्टी खाली

मेकन, जॉर्जिया
१२ ऑगस्ट १९७५

प्रिय इनेझताई,

तुझं पत्र आणि पीचचा मुरांबा दोन्ही पोचले. मुरांबा आमच्या बँडच्या पोरांनी बसमध्येच फस्त केला, पत्र तेवढं माझ्या वाट्याला आलं. मी बरा आहे. व्हर्ननभाऊजींची पाठ काय म्हणते?

एक कोडं घालतो. परवा कार्यक्रमाआधी मंचावर एक पियानो दिसला, सहज बोटं टेकवली आणि चाटच पडलो. आमच्या सगळ्या गिटारी अर्धी पट्टी खाली! एखादी चुकून उतरेल, सगळ्या कशा उतरतील? तारा जुळवायचं काम लामारचं, आमच्या बेसवाल्याचं. त्याला धरलं तर म्हणतो, "हवा दमट आहे रे, तारा सैल पडतात." जॉर्जियात दमट हवा काय याच उन्हाळ्यात आली? ड्रमवाला म्हणाला, "मला काय विचारतोस, मी नुसता बडवणारा."

मग लक्षात आलं, अलीकडे गाणं सोपं जातंय.

ताई, तुला म्हणून सांगतो. यंदाच्या वसंत ऋतूपासून माझा वरचा सूर फाटतोय. पुढच्या महिन्यात रेकॉर्ड व्हायची आहे, आणि कंपनीचा माणूस तोंडावर म्हणाला, "सूर लागला नाही तर दुसरा गायक आणू." पोरांना मी सर्दी झाली म्हणून सांगितलंय. म्हणजे कोणीतरी ओळखलं आणि गुपचूप पट्टी उतरवली. पण कोणी? लामारचे कान एवढे तिखट नाहीत. माझं डोकं भणभणून गेलंय.

डॅडींचं विचारत नाही. तेही माझं विचारत नसतील.

तुझा,
हॉलिस


सँड माउंटन, अलाबामा
१८ ऑगस्ट

प्रिय हॉलिस,

तुझ्या भाऊजींची पाठ बरी आहे, जीभ त्याहून बरी. यंदा भेंडी इतकी आलीय की मला टोपली घेऊन येताना पाहिलं की शेजारी दारं लावून घेतात. चर्चमध्ये आम्ही अजून गातो. तुझा सूर कोणी धरत नाही, डॅडी तुझ्या जागी कोणाला उभं राहू देत नाहीत.

तुझ्या कोड्याचं उत्तर मला माहीत नाही, असं लिहून पाकीट चिकटवलं होतं. ते फाडून पुन्हा लिहायला बसलेय.

"इलेक्ट्रिक गिटार घेऊन गुत्त्यात गाणाऱ्याचं नाव या घरात काढायचं नाही," म्हणणारा माणूस दर शनिवारी रेडिओ घेऊन ओसरीवर बसतो. विचारलं तर म्हणतो, "हवामान ऐकतोय." जूनमध्ये तुमच्या कार्यक्रमातून तुझं गाणं थेट लागलं तेव्हा त्यांचा मका सोलणारा हात थांबला. म्हणाले, "पोरगं गळा फाडून घेतंय." दुसऱ्या दिवशी मला तुमच्या बँडचा नंबर फिरवायला लावला. लामारला म्हणाले, "मी हॉलिसचा बाप बोलतोय. गिटारी अर्धी पट्टी उतरवा. आणि त्याला सांगू नका, फार मानी आहे." मी म्हटलं, "कोणावर गेलाय?" तर "तूही सांगणार नाहीस, शब्द दे," म्हणत माझ्याकडून शब्द घेतला आणि रिसीव्हर माझ्या हातात कोंबून तरातरा निघून गेले.

आईसाठीही त्यांनी हेच केलं होतं. तिच्या शेवटच्या वर्षांत ते आपलं मँडोलिन हळूहळू उतरवत गेले. आईला पहिल्याच रविवारी कळलं होतं. मला म्हणाली, "त्यांना बोलू नकोस गं, लाजतील." दोघं एकमेकांना फसवत शेवटपर्यंत गात राहिली. मला तेव्हा ते फार गोड वाटायचं.

आता वाटत नाही. आईला पुरून आलो त्या संध्याकाळी डॅडी मला म्हणाले, "तिच्यासाठी करत होतो, हे तिला एकदा सांगायला हवं होतं." तिला सगळं ठाऊक होतं, हे मी तेव्हाही त्यांना सांगितलं नाही. तुमच्या दोघांच्या बाबतीत मला ते पुन्हा करायचं नाही.

डॉक्टरला गळा दाखव. आणि घरी फोन कर. काय बोलायचं याची चिंता करू नकोस. हल्ली फोन वाजला की माझ्याआधी तेच धावतात, आणि दुसराच कोणी निघाला की न बोलता माझ्या हातात देतात.

दिलेला शब्द मोडून बसलेली, तुझी ताई,
इनेझ