उपासाचा तवा

ती. सासूबाईंना नमस्कार.

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते. फोनवर मी 'धंदा बरा चाललाय' म्हणते, पण तो उत्तम चाललाय. दोन वर्षांत इथे आखातात, आमच्या जनाबिया वस्तीत, ब्राझील-कोलंबियाची बरीच कुटुंबं राहायला आली. आपल्या उपासाचा साबुदाणा ज्या कंदाचा, तो त्यांच्या रोजच्या जेवणातला. माझी साबुदाण्याची थालीपिठं त्यांना चिकन भरून लागतात, आणि मी देते. तुमच्या संदेशने कंपनीची बस चालवायची नोकरी सोडली, आता तो माझे डबे पोचवतो.

तुम्ही दिलेला बिडाचा तवा मात्र वेगळाच ठेवलाय. उपासाशिवाय चढवायचा नाही, परक्या हातात द्यायचा नाही, सगळं लक्षात आहे.

परवा गुड फ्रायडेला शेजारची लुसियाना आली. म्हणाली, "आज आमच्यात मांस चालत नाही. चिकन न लागलेला तवा आहे का तुझ्याकडे?"

मी तुमचा तवा काढून दिला. तुम्हाला विचारलं नाही, विचारणारही नव्हते.

संध्याकाळी तिने तो घासून, पुसून, तेलाचा हात फिरवून परत आणला. तुम्ही शिकवलं होतंत, अगदी तसा. माझ्याकडून ते तेल नेहमी राहून जातं.

तुमची सून,
अश्विनी